जुनी बोट, मोठे पाणी : बास मासेमारीच्या स्पर्धेत उतरताना

पुण्याहून सोलापूरकडे जाताना भिगवण मागे पडले की महामार्गाच्या डाव्या हाताला उजनीचे पाणी सोबत करू लागते. इंदापूर तालुक्यातील डाळज, पळसदेव, कळाशी ही गावे याच पाण्याच्या काठावरची. शहरातील वाचकाला हा परिसर हिवाळ्यात येणाऱ्या रोहित पक्ष्यांमुळे आणि रस्त्याकडेच्या मासळीच्या जेवणामुळे ठाऊक असतो. येथील मच्छीमारांसाठी मात्र हे पाणी म्हणजे रोजची भाकरी आहे आणि होडी हे तिचे साधन. वर्षानुवर्षे वापरलेल्या, डागडुजी करून पुन्हा पाण्यात उतरवलेल्या लाकडी, पत्र्याच्या आणि फायबरच्या होड्या काठावर दिसतात. त्यांच्या जोडीला गळ टाकून बसणारे हौशी लोकही आता दिसू लागले आहेत.

या हौशी मंडळींपैकी अनेकांनी दूरचित्रवाणीवर किंवा इंटरनेटवर अमेरिकेतील ‘बास फिशिंग’च्या स्पर्धा पाहिलेल्या असतात. चकचकीत बोटी, अडीचशे अश्वशक्तीची इंजिने, पहाटे एका रांगेत सुटणारा ताफा आणि संध्याकाळी हजारो प्रेक्षकांसमोर होणारे माशांचे वजन, असा तो थाट असतो. हे पाहून हा खेळ केवळ नव्या आणि महागड्या बोटीच्या मालकांचा आहे, असा समज होतो. तो खरा नाही. स्पर्धेच्या नियमांत बोटीचे वय सहसा विचारले जात नाही. तिची अवस्था मात्र कसून पाहिली जाते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि तेथील तळ्यांवर हा छंद जोपासू इच्छिणाऱ्या मराठी माणसाला हा भेद उपयोगी आहे. उजनीसारख्या पाण्यात जुनी होडी घालणाऱ्याच्या दृष्टीने तर तो जीवनमरणाचा आहे.

बास म्हणजे कोणता मासा?

‘बास’ हे नाव जगात अनेक माशांना दिले जाते. आपल्या कोकणातील खाडीत मिळणारा जिताडा इंग्रजीत ‘एशियन सी बास’ म्हणून ओळखला जातो. स्पर्धांमधील बास मात्र वेगळा. तो मुख्यतः ‘लार्जमाउथ बास’, म्हणजे मोठ्या तोंडाचा बास. उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यातील हा शिकारी मासा पाणवनस्पती, बुडालेली झाडे आणि खडक यांच्या आडोशाला दबा धरून बसतो आणि समोरून जाणाऱ्या भक्ष्यावर झडप घालतो. गळाला लागल्यावर पाण्याबाहेर उसळी मारून तो जोरदार झुंज देतो, म्हणूनच गळकऱ्यांचा लाडका झाला आहे.

या माशाच्या वजनाचा जागतिक विक्रम २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे सुमारे दहा किलोंचा आहे. जॉर्ज पेरी यांनी तो १९३२ साली अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात नोंदवला. २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी किंचित जास्त वजनाचा मासा धरला. परंतु फरक नियमाने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा कमी असल्याने दोघांचा विक्रम बरोबरीचा मानला जातो.

स्पर्धांचा इतिहास

आजच्या स्वरूपातील बास स्पर्धेचे जनक म्हणून अमेरिकेतील रे स्कॉट यांचे नाव घेतले जाते. अलाबामा राज्यात विमा विकणाऱ्या स्कॉट यांनी जून १९६७ मध्ये आर्कान्सा राज्यातील बीव्हर तलावावर पहिली मोठी स्पर्धा भरवली. प्रत्येकी १०० डॉलर प्रवेशशुल्क भरून १०६ जण तीत उतरले. पुढे त्यांनी ‘बास अँगलर्स स्पोर्ट्समन सोसायटी’ ही संघटना उभी केली. १९७१ मध्ये नेवाडातील मीड सरोवरावर ‘बासमास्टर क्लासिक’ ही अंतिम स्पर्धा प्रथम झाली. कोणत्या तलावावर उतरायचे आहे हे २४ स्पर्धकांना विमानात बसेपर्यंत सांगितले नव्हते आणि सर्वांना एकसारख्या बोटी देण्यात आल्या होत्या. कौशल्याची परीक्षा घ्यायची तर बोटीचा फायदा कोणालाच मिळू नये, हा विचार म्हणजे आरंभापासूनचा आहे.

खास या मासेमारीसाठी घडवलेली बोट त्याहूनही जुनी. लुइझियाना राज्यात होम्स थर्मंड यांनी १९४८ साली ‘स्कीटर’ नावाची चपट्या तळाची, टोकदार बोट तयार केली. १९६८ मध्ये फॉरेस्ट वूड यांनी आर्कान्सात ‘रेंजर’ बोटींचा उद्योग सुरू केला. पुढील दशकांत इंजिने मोठी होत गेली आणि किमतीही. त्यामुळे जुन्या बोटींचा मोठा बाजार तेथे तयार झाला आणि नवख्या स्पर्धकाची सुरुवात बहुधा अशाच बोटीने होते.

स्पर्धा कशी चालते?

स्पर्धेचे नियम संघटनेनुसार बदलतात, परंतु गाभा सारखा असतो. पहाटे बोटींची तपासणी होते, क्रमांक दिले जातात आणि ठरलेल्या क्रमाने बोटी सुटतात. साधारण आठ तास मासेमारी चालते. दिवसाअखेर प्रत्येकाने आपले सर्वांत वजनदार पाच मासे तोलायला आणायचे. ठरलेल्या लांबीपेक्षा लहान मासा चालत नाही. मोठ्या स्पर्धांत जिवंत आमिषाला बंदी असते. लाकूड, प्लास्टिक, रबर वा धातूचे कृत्रिम आमिषच वापरावे लागते.

१९७२ पासून स्कॉट यांच्या संघटनेने मासे जिवंत सोडण्याचा आग्रह धरला आणि त्यामुळे खेळाचे रूपच पालटले. मासे दिवसभर बोटीतील पाण्याच्या टाकीत जिवंत ठेवायचे, तोलायचे आणि पुन्हा तलावात सोडायचे. मेलेला मासा आणल्यास वजनातून दंड कापला जातो. उशीर झाल्यास दंड त्याहून कडक, मिनिटाला एक पौंड. पंधरा मिनिटांहून अधिक उशीर झाला तर त्या दिवसाची सारी कमाई रद्द.

फसवणुकीबद्दलही हा खेळ कठोर आहे. मोठ्या स्पर्धांत विजेत्याला सत्यशोधन यंत्रासमोर बसावे लागू शकते. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील इरी सरोवरावर, बासच्या नव्हे तर ‘वॉलआय’ या माशाच्या स्पर्धेत, दोघांनी माशांच्या पोटात शिशाचे गोळे भरल्याचे सर्वांसमोर उघड झाले. २०२३ मध्ये त्यांना दहा दिवसांचा तुरुंगवास झाला, मासेमारीचे परवाने निलंबित झाले आणि महागडी बोटही गमवावी लागली.

जुन्या बोटीला मज्जाव नाही, पण...

बोट तपासणारा अधिकारी तिचा रंग पाहत नाही. तो पुढील गोष्टी पाहतो : मासे जिवंत ठेवणारी टाकी चालते का, इंजिन बंद पाडणारा ‘किल स्विच’ आहे का आणि त्याची दोरी चालकाच्या अंगाला बांधता येते का, प्रत्येकाला मापाचे लाइफ जॅकेट आहे का, आणि इंजिनाची शक्ती बोटीवरील पाटीत दिलेल्या मर्यादेत आहे का.

ही पाटी म्हणजे बोटीचा जन्मदाखलाच. किती माणसे, किती वजन आणि किती अश्वशक्ती तिला पेलेल, हे तीवर लिहिलेले असते. अमेरिकेत लहान बोटींना अशी पाटी १९७२ च्या अखेरीपासून सक्तीची झाली. १९७८ मध्ये दुसरा महत्त्वाचा नियम आला. वीस फुटांपेक्षा लहान आणि मागे इंजिन लावलेली बोट पाण्याने पूर्ण भरली तरी बुडता कामा नये. ती आडवी न होता सपाट तरंगत राहावी आणि माणसांना तिला धरून राहता यावे, अशी तिची रचना असली पाहिजे. त्यासाठी तळाच्या पोकळीत फोम भरला जातो. जुनी बोट घेताना या दोन वर्षांचे महत्त्व मोठे आहे. त्यापूर्वीच्या बोटीत ही हमी नसते.

किल स्विचबाबतचा कायदा अलीकडचा आहे. वेगात असताना चालक बाहेर फेकला गेला, तर मोकळी बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येते. चालकाला बांधलेली दोरी निसटताच इंजिन बंद पडावे, हा या स्विचचा उद्देश. १ एप्रिल २०२१ पासून अमेरिकेत २६ फुटांपेक्षा लहान बोटींच्या चालकांना, ज्या बोटींत तो बसवलेला आहे त्यांत, तो वापरणे बंधनकारक झाले. जुन्या इंजिनालाही हा स्विच थोड्या खर्चात जोडता येतो.

याशिवाय ज्या राज्यात स्पर्धा आहे तेथील मासेमारीचा परवाना, बोटीची नोंदणी आणि मोठ्या स्पर्धांत विम्याचा पुरावा लागतो. ज्याची बोट या कसोटीला उतरत नाही, त्यालाही मार्ग आहे. अनेक स्पर्धांत ‘सहगळकरी’ म्हणून नाव देता येते; असा स्पर्धक दुसऱ्याच्या बोटीत मागे बसून मासे धरतो आणि त्याचा निकाल वेगळा लागतो. कयाक या छोट्या वल्ह्याच्या नावेतून होणाऱ्या स्पर्धाही आहेत. त्यांत मासा पट्टीवर ठेवून छायाचित्र काढतात, लांबी मोजतात आणि लगेच सोडून देतात.

तपासणी : तळापासून सुरुवात

जुन्या बोटीचा खरा शत्रू म्हणजे आत मुरलेले पाणी. फायबरच्या बोटीत बाहेरून फायबर दिसत असले, तरी अनेक जुन्या बोटींत आतील आडवे-उभे आधार आणि इंजिन पेलणारी मागची भिंत लाकडाची असते. या भिंतीला ‘ट्रान्सम’ म्हणतात. एखाद्या स्क्रूच्या भोकातून झिरपलेले पाणी वर्षानुवर्षे आत राहते आणि लाकूड कुजते. वरून काहीच दिसत नाही.

ते ओळखण्याच्या रीती सोप्या आहेत. लाकडी मुठीच्या लहान हातोडीने हलकेच ठोकत जावे. निरोगी भाग खणखणीत वाजतो, कुजलेला भाग बद्द आवाज देतो. इंजिन वर उचलून त्याच्या खालच्या टोकाला दाब द्यावा. मागची भिंत वाकत असेल किंवा कडेला केसासारख्या भेगा उघडत असतील, तर ती बोट दुरुस्तीशिवाय पाण्यात घालू नये. पायाखालची फळी दबत असेल, तर खालचे आधार गेले असे समजावे.

तळातील फोम पाणी पीत असेल, तर ज्या भागाने बोट तरंगायची तोच तिला खाली ओढू लागतो. याची परीक्षा वजनकाट्यावर होते. उसाची गाडी तोलतात तशीच ट्रेलरसह बोट तोलावी, मग रिकामा ट्रेलर तोलून वजा करावा आणि कंपनीने दिलेल्या वजनाशी ताडून पाहावे. इंजिन, बॅटरी आणि पेट्रोलचा हिशेब लावूनही शंभर किलो जास्त भरत असतील, तर तितके लिटर पाणी बोटीच्या पोटात आहे. ॲल्युमिनियमच्या बोटीत लाकूड कमी असते, पण रिबिटे सैल होतात. अशी बोट जमिनीवर ठेवून आत थोडे पाणी भरावे आणि बाहेर कोठे थेंब येतात ते खडूने खुणावून घ्यावे.

इंजिन आणि इथेनॉल

इंजिन जुने असणे हा दोष नाही. नियमित न चालणे हा दोष आहे. पहिली परीक्षा सिलिंडरमधील दाबाची. आकडा किती आहे यापेक्षा सर्व सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत आहेत का, हे महत्त्वाचे. दुसरी गोष्ट थंड पाणी खेचणाऱ्या पंपातील रबरी चक्राची. ते स्वस्त असते, पण झिजले तर इंजिन तापून जागीच अडकते. शेवटच्या बदलाची तारीख माहीत नसेल, तर ते सरळ बदलावे. तिसरी गोष्ट गिअरच्या तेलाची. ते दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे.

इंधनाचा प्रश्न आपल्याकडे अधिकच महत्त्वाचा झाला आहे. बारामती-इंदापूरचा पट्टा उसाचा आणि साखर कारखान्यांचा. उसापासून होणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळण्याचे धोरण देशाने स्वीकारले आणि २०२५ मध्ये २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट गाठले. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही गोष्ट लाभाची असली, तरी जुन्या बोट-इंजिनाची प्रकृती वेगळी आहे. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. बोटीची टाकी पाण्यावर असते, बहुधा हवेला उघडी असते आणि इंजिन आठवडेच्या आठवडे बंद राहते. पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात आणि इंजिन नेमके तेच खेचते. शिवाय जुन्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरमधील पडदे इथेनॉलने मऊ पडतात. अमेरिकेत १५ टक्के इथेनॉलचे पेट्रोल बोटीच्या इंजिनात वापरण्यास पर्यावरण खात्याची मनाई आहे. १० टक्क्यांपर्यंतच मुभा आहे. यावरून २० टक्क्यांचा धोका लक्षात यावा.

यावर उपाय आहेत. इथेनॉल सहन करणाऱ्या नव्या नळ्या बसवाव्यात. पाणी वेगळे करणारा फिल्टर लावावा. लागेल तेवढेच ताजे पेट्रोल भरावे आणि काम संपल्यावर टाकी रिकामी करावी. टू-स्ट्रोक इंजिनात तेलाचे प्रमाण पुस्तिकेत दिल्याप्रमाणेच ठेवावे.

विजेच्या जोडण्या हे जुन्या बोटीतील बिघाडाचे नेहमीचे ठिकाण. प्रत्येक तारेला स्वतंत्र फ्यूज असावा आणि गंजलेली टोके कापून नवी लावावीत. तळातील पाणी उपसणारा पंप आपोआप सुरू होतो का, हे पाण्याची बादली ओतून पाहावे. बोट रस्त्याने न्यायची असेल, तर ट्रेलरच्या चाकांचे बेअरिंग आणि टायर विसरू नयेत. पाण्यावर पोहोचण्याआधीच स्पर्धा संपल्याची उदाहरणे बहुधा येथेच घडतात.

मासे जिवंत ठेवणारी टाकी

जुन्या बोटीने स्पर्धा हरण्याचे मोठे कारण वेग नसून ही टाकी असते. पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना सुमारे साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. त्याच वेळी गरम पाण्यात माशाची गरज वाढते. पाच मोठे मासे लहान टाकीत असतील आणि पंप मधूनच बंद पडत असेल, तर दुपारपर्यंत ते पोट वर करू लागतात.

म्हणून पंप नवा घ्यावा, एक जादा सोबत ठेवावा, टाकीच्या झाकणाला आतून उष्णतारोधक थर द्यावा आणि बाटलीत गोठवलेले पाणी टाकीत सोडून तापमान थोडे उतरवावे. तापमान एकदम खाली आणू नये. त्या धक्क्यानेही मासा दगावतो. या दुरुस्तीचा खर्च नव्या इंजिनाच्या तुलनेत नगण्य आहे आणि तिचा परिणाम थेट तराजूवर दिसतो.

वेग कमी, हिशेब पक्का

जुनी बोट हळू जाते, हे मान्य करूनच आखणी करावी. समजा, माशांची जागा पंधरा किलोमीटरवर आहे. ताशी साठ किलोमीटरने जाणाऱ्या बोटीला जाण्यायेण्यास अर्धा तास लागेल, तर ताशी तीसने जाणारीला एक तास. आठ तासांच्या दिवसात फरक पडतो तो अर्ध्या तासाचा. हा तोटा आहे, पण सामना हरवणारा नव्हे. दिवसातून पाच-सहा वेळा दूरवर जागा बदलणाऱ्याला तो जड जातो. दोन-तीन जवळच्या जागा नीट अभ्यासून तेथेच टिकून राहणाऱ्याला जात नाही.

त्यामुळे जुन्या बोटीच्या मालकाने सरावाचे दिवस सुटण्याच्या ठिकाणापासून जवळच्या परिसरात घालवावेत. खोली, तळाचा उतार, वनस्पतींचे पट्टे आणि वाऱ्याची दिशा यांच्या नोंदी ठेवाव्यात. परतीची वेळ ठरवताना वारा समोरचा असेल असे धरावे आणि वीस-पंचवीस मिनिटे हातात राखावीत. पहिल्याच वर्षी मोठ्या स्पर्धेचे शुल्क भरण्यापेक्षा लहान तलावावरील क्लबची स्पर्धा निवडावी. काही तलावांवर पेट्रोल इंजिनाला बंदी असते आणि केवळ विजेची मोटर चालते; अशा ठिकाणी बोटीचे वय जवळजवळ निरर्थक ठरते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे स्पर्धेआधी एक पूर्ण दिवस, दोन माणसे, पूर्ण सामान आणि भरलेल्या टाक्यांसह बोट चालवून पाहावी.

उजनीवर हे कितपत लागू?

उजनीत बास नाही आणि तो आणूही नये. हा मासा जगातील शंभर सर्वाधिक उपद्रवी परकीय जातींच्या यादीत आहे. जपानमध्ये १९२५ साली तो हौसेने आणला गेला. स्थानिक माशांचा फडशा पडल्यावर २००५ मध्ये त्याची वाहतूक आणि सोडणे यांवर कायद्याने बंदी घालावी लागली. उजनीने परकीय माशांचा अनुभव आधीच घेतला आहे. येथे चिलापी या नावाने ओळखला जाणारा तिलापिया मूळ आफ्रिकेचा, आणि आज जाळ्यात तोच मोठ्या प्रमाणावर सापडतो.

गळाच्या खेळासाठी भीमेच्या खोऱ्याला बाहेरच्या माशाची गरजही नाही. ज्याला आपल्याकडे खडस किंवा महासीर म्हणतात, त्या दख्खनी जातीचे शास्त्रीय वर्णन कर्नल साईक्स यांनी १८३९ मध्ये केले, ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशावरून. हेच पाणी पुढे भीमेतून उजनीत येते. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा कंपनीने महासीरची पिल्ले वाढवण्याचे काम १९७० च्या दशकापासून केले आहे. मुंबईत पवई तलावावर महाराष्ट्र राज्य अँगलिंग असोसिएशनने गळाच्या मासेमारीची परंपरा जपली आहे. म्हणजे नियमबद्ध, मासे जिवंत सोडणारी गळाची मासेमारी आपल्याला परकी नाही.

बोटीच्या सुरक्षिततेचे नियम मात्र जसेच्या तसे उचलण्यासारखे आहेत, कारण उजनीचे पाणी साधे नाही. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाची साठवण सुमारे ११७ टीएमसी. त्यांपैकी सुमारे ६३ टीएमसी मृत साठा आहे. पावसाळ्यानंतर भरलेला जलाशय उन्हाळ्यात ‘उणे’ पातळीत जातो, म्हणजे मृत साठ्याला हात लागतो. पाणी उतरले की बुडालेल्या गावांच्या भिंती, झाडांची खोडे आणि जुने बांधकाम पृष्ठभागाजवळ येते. डाळजजवळच्या पळसदेवचे पळसनाथाचे प्राचीन मंदिर अशाच वेळी उघडे पडते. पर्यटकाला तो सोहळा वाटतो. होडीच्या तळाला आणि इंजिनाच्या पंख्याला तो धोका असतो. ऑक्टोबरमध्ये निर्धोक असलेली वाट मे महिन्यात निर्धोक राहीलच असे नाही.

दुसरा धोका वाऱ्याचा. मैलोन्‌मैल मोकळ्या पाण्यावर वळवाच्या वादळाला अडवणारे काहीच नसते. २१ मे २०२४ रोजी सायंकाळी करमाळा तालुक्यातील कुगाव येथून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सात प्रवाशांपैकी एक जण पोहत काठाला आला. दोन लहान मुलांसह सहा जण मरण पावले. त्यापूर्वी एप्रिल २०१७ मध्ये याच जलाशयात सहलीला आलेल्या सोलापूर जिल्ह्यातील डॉक्टरांची होडी उलटून चौघांचा मृत्यू झाला होता. या दुर्घटना स्पर्धेत घडल्या नाहीत. पण स्पर्धेच्या काठावर विचारले जाणारे प्रश्न, म्हणजे किती माणसे बसणार, लाइफ जॅकेट अंगात आहे का, उलटल्यावर बोट तरंगेल का, वारा सुटल्यास परतायचे कधी, हे प्रत्येक होडीला सुटण्यापूर्वी विचारले गेले पाहिजेत, हे त्यांनी दाखवून दिले.

कायद्याची चौकटही आता आहे. १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेल्या अंतर्देशीय जहाज अधिनियम, २०२१ नुसार नदी-जलाशयांतील यंत्रचलित होड्यांसाठी तपासणी, नोंदणी आणि जीवरक्षक साधनांची तरतूद आहे. जलाशय जलसंपदा विभागाच्या अखत्यारीत असल्याने मासेमारी किंवा नौकानयनासाठी परवानगी घेणे आवश्यक आहे. पुढेमागे डाळजच्या काठावर गळाची एखादी स्पर्धा भरवायची झाल्यास या परवानग्या, बचावाची वेगळी बोट आणि स्थानिक मच्छीमारांचा सहभाग या तीन गोष्टी आधी हव्यात. पाण्याखाली कोठे काय दडले आहे, हे नकाशापेक्षा त्यांनाच अधिक ठाऊक असते. शिवाय त्यांची जाळी लावलेल्या जागांतून इंजिनाच्या बोटी धावू लागल्या, तर एकाची हौस दुसऱ्याच्या पोटावर येईल.

जुनी बोट ही लाजेची गोष्ट नाही. तिच्या मालकाला तिची प्रत्येक भेग ठाऊक असेल, तर ती नव्या बोटीपेक्षाही भरवशाची ठरते. ठाऊक नसेल, तर बक्षिसाची रक्कम कितीही मोठी असली तरी तिला काठावरच ठेवणे शहाणपणाचे.

पाण्यात उतरण्यापूर्वी

- मागची भिंत व तळ ठोकून पाहिला का? बोटीचे वजन तोलले का?
- माणसे, सामान व इंजिन पाटीवरील मर्यादेत आहेत का? पाटी नसेल, तर कमी माणसे व लहान इंजिन हाच नियम.
- प्रत्येकाच्या अंगात मापाचे लाइफ जॅकेट आहे का? बोटीत नुसते ठेवलेले जॅकेट उपयोगाचे नाही.
- किल स्विचची दोरी ओढल्यावर इंजिन खरोखर बंद पडते का?
- पेट्रोल ताजे आहे का? फिल्टरमध्ये पाणी दिसते का?
- पाणी उपसण्याचा पंप चालतो का? सोबत बादली आणि वल्ही आहेत का?
- माशांच्या टाकीचा पंप आठ तास न थांबता चालवून पाहिला का?
- हवामानाचा अंदाज पाहिला का? मे महिन्यात दुपारनंतर ढग भरून येताच काठ गाठावा.
- कोठे जात आहोत आणि केव्हा परतणार, हे काठावरील कोणाला तरी सांगितले का?